रंग जाड नव्हता

आमच्या नातेवाइकांत एक समज पक्का बसला होता. मुलीच्या रुखवतातला कुंकवाचा करंडा भर लग्नात उघडला नाही, तो माझ्या बायकोने रंग जाड लावला म्हणून. हा समज मी पसरवला. एका वाक्यात पसरवला आणि पुढे कित्येक महिने तो मोडायची हिंमत मला झाली नाही. काहीजणांच्या डोक्यात तो अजूनही असेल. माझी सत्तरी उलटून गेली आहे, तेव्हा खरं काय झालं ते लिहून ठेवतो. सुरुवात मात्र चांगल्या दिवसांपासून करतो, कारण ते दिवस खरोखरच फार चांगले होते.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर होतो. लोखंड, पितळ, गनमेटल. सगळं आयुष्य लेथसमोर उभं राहून गेलं. आमच्या खात्यात फिटिंगला मान. भोकात दांडा बसवायचा तर असा, की मध्ये फक्त तेल मावेल. निवृत्त होऊन मुलुंडच्या घरी बसलो आणि थोड्याच दिवसांत बायकोला माझा कंटाळा आला. शिफ्टच्या नोकरीमुळे इतकी वर्षं तिने मला अर्धाच पाहिला होता. पूर्ण पाहिल्यावर म्हणाली, "तुम्ही कुठेतरी जात जा हो."

मी गेलो तो कुर्ल्याच्या भंगार बाजारात, आणि आलो तो टेम्पोत लाकूडकामाचा एक जुना लेथ घालून. आमचं घर तळमजल्याला. स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याखाली जी चिंचोळी जागा आहे तिथे तो बसवला. सोसायटीचे सेक्रेटरी बघायला आले.

"काका, आवाज फार होणार."

"तुमच्याकडे लाटणं कुठलं वापरतात?" मी विचारलं.

"का?"

"सांगा तर."

"बाजारातलंच. मध्येच फुगीर आहे, बायको रोज बडबडते."

त्यांना सागाचं लाटणं करून दिलं. पुढे प्रत्येक मजल्यावर एकेक गेलं, आणि आवाजाची तक्रार कोणी केली नाही.

लोखंडाला टूल लावलं की ते किंचाळतं. लाकूड कुजबुजतं. पटाशी नीट लागली की सालपट कागदासारखं सुटतं, हातावर पडतं, कोमट असतं. सागाचा वास कपड्यांत बसतो. मी भोवरे केले, उखळ्या केल्या, देव्हाऱ्याला बारके खांब केले, उदबत्तीची घरं केली. शाळेतून सुटलेल्या पोरासारखा दिवसभर मागच्या बाजूला असायचो. बायको दारात येऊन सगळा माल बघायची. एकदा म्हणाली, "छान आहे. पण सगळं कोर्टातल्या फर्निचरसारखं दिसतंय."

ती सावंतवाडीकडची. तिच्या माहेरी लाकडी खेळणी करायचे. पुरुष कातकाम करायचे, बायका लाखेचा रंग चढवायच्या. लग्न होऊन मुंबईला आल्यावर तिने लाखेच्या कांडीला हात लावला नव्हता. कुठे लावणार? मी ज्या लेथवर उभा असायचो तो कंपनीचा होता. त्यानंतर तिचा भाऊ गावाहून येणार होता, तेव्हा तिने त्याला काळ्या कुड्याच्या लाकडाचे ओंडके आणायला लावले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रंगीत कांड्या. लाल, पिवळी, हिरवी, काळी.

पहिल्या दिवशी ती पदर खोचून स्टुलावर बसली. लेथवर एक साधा पांढुरका भोवरा चढवलेला.

"चालू करा," म्हणाली.

लाखेचा रंग ब्रशने लावत नाहीत. कोरडी कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची. घासून ऊब येते, त्या उबेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं त्या दिवशी. तिने हिरवी कांडी टेकवली आणि भोवऱ्याच्या पोटावर एक हिरवं कडं उगवलं. ते रुंद होत गेलं. मग पिवळी. मग पिवळ्याच्या मधोमध लाल कांडीचं टोक टेकवून मनगट जरासं डावी-उजवीकडे हलवलं. लेथ थांबवला तर भोवऱ्याभोवती लाल लाट पसरली होती, कुठेही जोड न दिसणारी.

"विसरली नाहीस," मी म्हणालो.

"हाताला कोणी विचारलं विसरायचं का म्हणून?" ती म्हणाली, आणि लगेच, "दुसरा लावा."

मग आमचं जे काही सुरू झालं त्याला संसार म्हणावं की कारखाना, मला सांगता येणार नाही. सकाळचा चहा झाला की मी कातायचो, जेवणं आवरली की ती रंगवायची. ती लालावर काळा थर चढवायची आणि दाभणाच्या टोकाने काळा खरवडून आतला लाल बाहेर काढायची. त्यातून वेली यायच्या, मासे यायचे, एकदा तर आमच्या सेक्रेटरींचं नाक आलं. इतक्या वर्षांत आम्ही मिळून केलेली पहिली गोष्ट आमची मुलगी, आणि दुसरी ही.

रंगाला झळाळी आणायला केवड्याचं पान लागतं. फिरत्या लाखेवर ते दाबून धरलं की रंग गुळगुळीत होतो आणि आरशासारखा चमकतो. पॉलिशचा कागद चालतो की, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गपचूप पिशवी घेतली. आम्ही दोघं मुलुंडहून वर्सोव्याला गेलो, तिथून होडीने मढला. तिकडे खाडीच्या कडेला केवड्याची बेटं आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. पानांच्या कडा करवतीसारख्या; माझे दोन्ही हात ओरबाडले. परतताना होडीत शेजारी बसलेल्या कोळीणबाईने आमचा भारा पाहिला.

"गणपतीला अजून वेल हाय. आताच केवरा कशाला?"

"लाकडाला लावायला," बायको म्हणाली.

"लाकराला?" बाई माझ्याकडे वळल्या. "आनि यांच्या हाताला काय लावनार?"

बायको इतकी हसली की होडीतले सगळे वळून बघायला लागले. तिला असं हसताना मी फार वर्षांनी पाहत होतो. परत येईपर्यंत ती मधूनमधून आठवून हसत राहिली.

अशात मुलीचं लग्न ठरलं. बोरिवलीचं स्थळ, माणसं मोकळी. विहीणबाई तर इतक्या मोकळ्या, की पहिल्याच बैठकीत मला म्हणाल्या, "व्याही, तुम्ही हसलात तर फोटो बरे येतील." मुलगी म्हणाली, रुखवतात विकतचं काही नको, सगळं घरचं मांडू या. आम्हाला तेच हवं होतं. बायकोने लाकडी फळं रंगवली. आंब्याच्या खांद्यावर तांबूस छटा अशी उतरवली, की माशी बसावी. आणि विहीणबाईंना मानाने द्यायला कुंकवाचा करंडा. तो मी मन लावून केला.

इथून पुढचं लिहिताना हात जरा जड होतो.

करंडा एप्रिलमध्ये काढला. त्याचं झाकण मी कंपनीतल्या फिटिंगसारखं केलं. केसाएवढी फट. झाकण वर धरून सोडलं की आतल्या हवेवर तरंगत, अगदी सावकाश खाली बसायचं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचो. दूधवाल्यालाही दाखवलं. मेहुणा लाकूड द्यायला आला होता, त्यालाही दाखवलं. बायको तेव्हा बाजारात गेली होती. त्याने झाकण दोनदा उघडून लावलं आणि म्हणाला, "भावोजी, ह्या लय घट झाला. पावसाक जागा ठेवा." म्हणजे पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, तेवढी जागा सोडून झाकण करायचं. मी हसलो. मनात म्हटलं, गावाकडच्या ढिल्या कामाला ही चांगली सबब आहे. मी टर्नर माणूस. पितळेची डबी पावसाळ्यात फुगलेली मी कधी पाहिली नव्हती.

लग्न जूनच्या शेवटी, घाटकोपरच्या हॉलमध्ये. बाहेर ओल, आत घाम, भिंतींनाही दमटपणा. रुखवताभोवती ही गर्दी. आंबा खरा की खोटा यावर पैजा लागल्या. बायको एका बाजूला उभी होती आणि लोक येऊन येऊन तिला विचारत होते. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. मग विहीणबाई आल्या, करंडा उचलला, नक्षीवरून बोट फिरवलं, "काय सुरेख वेल आहे हो," म्हणाल्या आणि झाकण उघडायला गेल्या.

ते उघडेना.

त्यांनी जोर लावला. त्यांच्या भावाने लावला. जावयाच्या मित्राने रुमालात धरून पिळलं. फोटोग्राफर म्हणाला, "काका, थांबा, व्हिडिओ घेतो." कोणीतरी मागून बोललं, "कुंकू आहे की तिजोरी?" सगळे हसले. विहीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्याही, किल्ली द्या."

त्याच क्षणी मला मेहुण्याचं बोलणं आठवलं. हे मुद्दाम लिहितो आहे. नंतर विचार करता कळलं असं नाही, त्याच क्षणी कळलं. आणि तोंडातून निघालं, "हिने रंग जरा जाड लावलाय हो. कडेवरून आत उतरला असणार."

लोक पुन्हा हसले. बायकोही हसली, पण मढच्या होडीत हसली होती तशी नाही. तिने करंडा हातात घेतला, कडेवरून नख फिरवलं आणि हळूच खाली ठेवला. तिने माझं खरं मानलं. माहेरी तिचं काम रंगाचं. झाकणाचं माप पुरुष बघायचे.

आणि खरं नेमकं उलट होतं. बाहेरून जिथे तिची लाख होती, तिथे लाकूड तसूभर हललं नव्हतं, कारण लाखेतून ओल सहसा आत शिरत नाही. झाकणाच्या आतल्या ओठाला रंग नव्हता, ते लाकूड उघडं होतं आणि तेच फुगलं. तिच्या हाताने जे राखलं होतं ते टिकलं. माझ्या मापाने जे केलं होतं ते अडकलं.

विहीणबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यांना एक गंमत सापडली होती. दिवाळीला आल्या, चकली उचलून म्हणाल्या, "ही तरी मोडेल ना? की जाड थर आहे?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपलं कपाळ पुढे करत, "विहीणबाई, बेताने लावा हो." सगळ्या बायका हसायच्या. बायकोही हसून तीळगूळ द्यायची. पण दुपारी मागच्या बाजूला येणं तिने थांबवलं. आधी गुडघा दुखतो म्हणाली, मग डोळ्यांना दिसत नाही म्हणाली. मी कातलेलं सामान पांढरंफटक फळीवर पडून राहायचं. मी दोनदा-तीनदा तोंड उघडलं आणि "चहा करतेस का?" एवढंच विचारलं.

फेब्रुवारीत विहीणबाईंचा फोन आला. "अहो, करंडा उघडला! आपसूक. मी नुसता पुसायला घेतला होता." बायकोने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "रंग झिजला असेल कडेचा. बरं झालं बाई." कोरड्या हवेने लाकूड आकसलं होतं. मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

मग मुलीला दिवस गेले. घरात आनंदच आनंद. तिने आईला सांगितलं, "पाळणा बाबाने करायचा आणि दांड्यांपासून चिमणाळ्यापर्यंत सगळं तू रंगवायचंस." चिमणाळं म्हणजे पाळण्यावर टांगायच्या लाकडी चिमण्या. लहान जिवाला दिसणारं पहिलं चित्र ते.

बायको म्हणाली, "चिमणाळं बाजारातून आणू. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मुलगी काहीतरी बोलत राहिली. मला पुढचं ऐकूच आलं नाही. ज्या हाताने बिनजोड लाट काढली होती, त्या हाताचा भरवसा माझ्या एका वाक्याने गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तिच्या भावाने काय बजावलं होतं, मी कसा हसलो होतो, ओठाला रंग कसा नव्हताच.

तिचे हात थांबले. "तुम्हाला नंतर कळलं हे?"

"नाही. तिथेच कळलं."

"बोलायच्या आधी?"

"आधी."

तिने मेथी पुन्हा हातात घेतली. एक जुडी संपली, दुसरी घेतली. मी उठलो नाही. शेवटी ती बोलली ती मालवणीत. रागावल्यावरच ती माझ्याशी मालवणीत बोलते. "माका सांगान काय उपेग? जेंच्याफुडे बोललात, तेंच्याफुडे सांगा."

"आत्ता फोन लावतो विहीणबाईंना."

"फोनवर नको. सगळे होते ना तेव्हा? सगळे असतील तेव्हा बोला."

डोहाळजेवण आमच्याकडे होतं. मुलगी फुलांच्या दागिन्यांत नटून झोपाळ्यावर बसलेली. पुरुषांनी अशा वेळी बाहेर खुर्च्या टाकून बसायचं असतं. मी बायकांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलो. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. समोर झाकलेल्या दोन वाट्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मुलीने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. विहीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "या वाट्या तरी उघडतील ना व्याही? की विहीणबाईंनी रंगवल्यात?"

झालं, हशा पिकला. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हणालो, "तिने रंग जाड लावलाच नव्हता. मी खोटं बोललो."

हसणं एकदम थांबलं नाही. ते मागच्या रांगेतून पुढे विझत आलं. मी पुढचं सांगितलं. लाकूड कसं फुगतं, मला आधी बजावलेलं होतं, माप माझं चुकलं होतं आणि चारचौघांत नाक कापलं जाऊ नये म्हणून मी ते तिच्या माथी मारलं. मुलीने झोपाळा पायाने थांबवला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तू इतके दिवस..."

"हो."

विहीणबाई उठल्या, बायकोपाशी गेल्या आणि तिच्या शेजारी बसकण मारली. "आणि मी इतके दिवस तोंड चालवत राहिले. तुम्ही माझी जीभ का नाही धरलीत हो?"

"मलाही खरंच वाटत होतं," बायको म्हणाली.

"आमचे हे असं वागले असते तर मी त्यांना त्या करंड्यात घालून झाकण लावलं असतं."

"मावले नसते," बाहेरच्या खुर्च्यांतून व्याह्यांचा आवाज आला. ते दाराआडून ऐकत होते.

मग मात्र बायको हसली. पोट धरून, डोळे पुसत, शेजारणीच्या खांद्यावर हात टेकून. आमच्या सेक्रेटरींच्या बायकोने विचारलं, "म्हणजे आमचं लाटणं पावसाळ्यात फुगतं ते पण तुमच्यामुळे काय काका?" त्या दुपारी माझी जेवढी चेष्टा झाली तेवढी आयुष्यात झाली नसेल. प्रत्येक टोमणा मला गोड लागत होता. मुलीने वाटी उघडली, बर्फी निघाली.

पुढचे दोन दिवस बायको मागच्या बाजूला फिरकली नाही. मी मुकाट्याने पाळण्याचे दांडे कातत होतो. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मागे पाऊल वाजलं. ती दारात उभी होती, पदर खोचलेला. तिने एक दांडा उचलला, उजेडात फिरवून पाहिला. टोकाची खुंटी, जी भोकात जाऊन कायमची झाकली जाणार होती, तिच्यावर बोट ठेवलं.

"हे उघडं सोडणार होतात?"

"ते दिसणार नाही ना."

"दिसणार नाही म्हणून?" ती म्हणाली. "हेसुद्धा रंगवायचं. आतलं, बाहेरचं, सगळं. आणि भोकं मी सांगेन तेवढी मोठी पाडायची."

"बरं."

"बरं नाही, लिहून घ्या. तुमच्या डोक्याचा भरवसा नाही."

मी पेन्सिलीने पत्र्याच्या खांबावर लिहून घेतलं. ती स्टुलावर बसली. कांड्यांवरची धूळ पुसली, पिवळी उचलली, परत ठेवली, लाल घेतली. मी बटणापाशी उभा होतो.

"उजेड अडवताय," ती म्हणाली. "चालू करा आणि बाजूला व्हा."

मी चालू केला आणि बाजूला झालो. पाळणा आता जवळजवळ पूर्ण होत आला आहे. बारशाला लोक येतील, पाळण्याभोवती जमतील आणि सवयीने माझ्याकडे वळून म्हणतील, काका, काय हात आहे तुमचा. त्यांना काय सांगायचं ते माझ्या तोंडात तयार आहे. लाकूड मी गोल केलं. बघताय ते तिचं आहे.